लाइम म्हणजे चुना

आमच्या शाळेच्या कुंपणाची भिंत त्यानं दुरुस्त केली तेव्हा मुलांनी त्याचं नाव ओळंबामामा ठेवलं. गवंडी माणूस, काटकुळा आणि चालताना इतका ताठ की भिंतीची सरळ रेघ तपासायच्या ओळंब्यासारखी वरून कोणी दोरी धरली आहे असं वाटावं. बोलणंही तसंच सरळ. "बाई, ही भिंत सिमेंटनं लिंपली तर तुमच्या निवृत्तीच्या आधी पडेल," असं त्यानं मला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. त्यानं ती चुन्यात बांधली. मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, भिंत अजून नोकरीत आहे.

जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका मॅडमनी त्याचं काम पाहिलं आणि परदेशातल्या परिषदेला त्याचं नाव कळवलं. चुन्याची घोटाई करून दाखवायची होती. गिलाव्यावर बारीक चुना आणि संगमरवराची भुकटी यांचा शेवटचा हात द्यायचा, मग गुळगुळीत गोट्यानं घासत राहायचं, आरशासारखी चमक येईपर्यंत. पण त्यासाठी चुना मुरलेला लागतो. मामानं घरामागच्या हौदातला, सात वर्षं पाण्याखाली ठेवलेला चुना डब्यात भरला. लोण्यासारखा मऊ.

त्याची बायको म्हणाली, "इथे सगळ्यांना चुना लावून झाला, आता परदेशाला लावून या."

"लावतो की. त्यासाठीच बोलावलंय."

जाण्याआधी तो माझ्याकडे आला. वहीत गरजेपुरते इंग्रजी शब्द उतरवून घेतले. पाणी, औषध, बस, आणि अर्थातच चुना. मी लिहून दिलं, 'लाइम'. त्यानं तो शब्द घोकघोक घोकला. माझं काही चुकलं नव्हतं, आणि तरीही चुकलं होतं.

तिकडे उतरल्यावर विमानतळावर तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं डबा उघडला. आत पांढरा गोळा. "हे काय?" असं त्यानं खुणेनं विचारलं.

"लाइम," मामा छाती काढून म्हणाला.

अधिकाऱ्यानं गोळ्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं आणि मूठ आवळून पिळण्याची खूण केली. लिंबू? मामाला वाटलं, चुना हातानं मळतात का, असं विचारतोय. गवंडीकाम जाणणारा माणूस भेटला म्हणून त्यानं आनंदानं मान डोलावली. मग अधिकाऱ्यानं पेला तोंडाला लावण्याची खूण केली. मामा हादरला. "नो! नो!" म्हणत त्यानं दोन्ही डोळ्यांवर हात ठेवले, मग एक हात गळ्यावर ठेवला. चुना डोळ्यांत गेला तर डोळे जातात, पोटात गेला तर घसा, एवढंच त्याला सांगायचं होतं. समोरच्याला मात्र एवढंच कळलं, की हा लिंबू म्हणतोय आणि पिऊ नका म्हणतोय. आणखी दोन अधिकारी आले.

गोटा आणि थापी परत मिळाली. डबा तपासणीसाठी राहिला. चार दिवस लागतील म्हणाले. प्रात्यक्षिक परवा होतं.

दोन दिवस आधी पोहोचलेल्या मॅडम बाहेर उभ्या होत्या. ऐकून त्यांचा चेहरा पडला. आयोजकांनी चुना दिला, पण तो पिशवीतला, आदल्या दिवशी पाण्यात कालवलेला. मामानं तो बोटांत चोळला. "मॅडम, हा अजून पाळण्यात आहे. यानं घोटाई केली तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तडे जातील."

"मग नुसतं बोलून सांगाल का? मी भाषांतर करेन."

"मला बोलता आलं असतं तर भिंती कशाला बांधल्या असत्या?"

दुसऱ्या दिवशी सभागृहात त्याच्या कानाला यंत्र लावलं होतं. त्यातून पाच भाषा येत होत्या, त्याची एकही नव्हती. दुपारी तो उठला आणि रस्त्यापलीकडच्या जुन्या शहराकडे निघाला. चहूबाजूंनी तट आणि मध्ये अरुंद गल्ल्यांची वस्ती. तट डाव्या हाताला ठेवला की चुकायचं नाही, एवढा हिशोब करून तो दरवाजातून आत शिरला.

लोक फोटो काढत होते. मामा सांध्यांवरून बोट फिरवत होता. एके ठिकाणी सिमेंटचं ठिगळ होतं, तिथे दगड कांद्यासारखा सोलवटत चालला होता. "अरेरे," तो मोठ्यानं म्हणाला. कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसलेल्या एका बाईनं मान वर केली आणि तीही तसंच काहीतरी हळहळली. गल्ली वळली, पायऱ्या चढली, पुन्हा तटाला भिडली. तिथे परांची बांधलेली होती आणि एक म्हातारा गवंडी दगडांच्या दरजा भरत होता.

मामा खाली उभा राहून पाहत राहिला. म्हातारा काहीतरी खेकसला. 'काय बघतोस, कधी गवंडी पाहिला नाहीस का?' असंच असणार. मामानं हात पुढे केला. म्हाताऱ्यानं जरा विचार करून चुन्यानं भरलेली थापी त्याच्या हातात दिली. मामानं ती उलटी धरली. चुना पडला नाही. तसाच चिकटून राहिला.

"वा, दादा!"

म्हातारा हसला. त्याला पुढचे दोन दात नव्हते. तो खाली उतरला आणि एका खड्ड्यावरची फळी त्यानं बाजूला केली. वर वीतभर पाणी, खाली पांढरा चुना. मामानं चिमूटभर घेऊन बोटांत चोळला. एक कण खरखरला नाही. म्हाताऱ्यानं बोटं दाखवली: पाच वर्षं. मामानं सात दाखवली. म्हाताऱ्यानं भुवया उंचावल्या, 'मग इथे कशाला आलास?' अशा.

मामानं गळ्यातला परिषदेचा बिल्ला दाखवत सगळी कहाणी शुद्ध मराठीत सांगितली. विमानतळ, डबा, लिंबू, मॅडम, उद्याचं काम. म्हाताऱ्यानं ती शांतपणे ऐकली, मग आपल्या भाषेत तेवढंच लांब काहीतरी सांगितलं. "तोही बहुतेक ठेकेदारालाच शिव्या देत होता," मामा मला नंतर म्हणाला. शेवटी म्हाताऱ्यानं एक बादली भरली, वर पाणी ओतलं आणि मामाच्या हातात दिली. परत वळताना तट उजव्या हाताला घ्यायचा, हे मामा विसरला आणि ती जड बादली घेऊन सबंध शहराला प्रदक्षिणा घालून परिषदेला पोहोचला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आयोजकांनी गिलावा करून ठेवलेल्या दोन फुटांच्या चौकोनावर त्यानं शेवटचा हात दिला आणि गोटा घेऊन बसला. पहिला तास लोक पाहत होते, दुसऱ्या तासाला चहाला गेले. मॅडम मात्र जागच्या हलल्या नाहीत. तडा दिसतो का म्हणून त्या इतक्या जवळून पाहत होत्या की मामाला म्हणावं लागलं, "मॅडम, उजेड सोडा." दुपारनंतर पांढऱ्या पृष्ठभागात खिडकी दिसू लागली, मग खिडकीतलं झाड. एक टाय लावलेले गृहस्थ वाकले आणि त्यात पाहून त्यांनी केस सारखे केले. सभागृह हसलं, मग टाळ्या सुरू झाल्या. मागे तो म्हातारा कपड्यांवरच्या चुन्यासकट उभा होता. तो पुढे आला, नखानं कोपरा खरवडून पाहिला, काही निघालं नाही, तेव्हा त्यानं मान हलवली.

मामानं गोटा खाली ठेवला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला भूक लागली होती. बाजूला पालथ्या घातलेल्या घमेल्यावर मॅडम आपल्या चांगल्या कपड्यांनिशी मटकन बसल्या होत्या, डोळे मिटून, हसत.

"उठा मॅडम," तो म्हणाला, "घमेलं आयोजकांचं आहे, चेपेल."