कोरड्या घागरी

समुद्रकाठच्या त्या गावी आम्ही सासू-सुना काही हवा खायला जात नव्हतो. माझा मुलगा तिथल्या बंदरावर नोकरीला होता. तीन पावसाळ्यांपूर्वी एका लहान होडीतून समुद्रात गेला. होडी सापडली, तो नाही. तेव्हापासून किनाऱ्याला कुणी लागलं की पोलिसांचा फोन येतो आणि आम्ही जळगावहून ओळख पटवायला निघतो. त्या दिवशीही पाहिलं. आमचा नव्हता. मला हायसं वाटलं. सुनेला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

परतीची गाडी संध्याकाळची आणि ऊन मरणाचं. एका पांढऱ्या इमारतीवर 'कलादालन, प्रवेश मोफत' अशी पाटी दिसली. म्हटलं, "चल गं, आत एसी असेल."

आत एका मोठ्या खोलीत फरशीवर लाल मातीच्या घागरीच घागरी. समोर पडद्यावर नुसत्या लाटा. मी मुकाट्यानं चपला काढल्या. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अशाच घागरी मांडतात. घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाची एक, पाण्यानं भरून, वर खरबूज ठेवून. त्या दिवशी तो येऊन पाणी पितो म्हणतात. मी एकीत वाकून पाहिलं. कोरडी. दुसरीही कोरडी.

"अगं बाई! इतके गेले आणि एकाचीही कुणी भरली नाही?"

तिथली मुलगी धावत आली. "आजी, हात नका लावू. हे इन्स्टॉलेशन आहे. कलाकाराला रिकामेपण दाखवायचंय."

"त्यासाठी एवढा कुंभारवाडा? आमच्या घरी ये, तसंच दाखवते."

ती हसली. सून हसली नाही.

एके काळी मी या मुलीपेक्षा शहाणी होते. जळगावातल्या मेहरूणला नवरी होऊन आले ती बी.ए. मिरवत. पहिल्याच आखाजीला सासूबाईंना म्हटलं, "पाणी प्यायलाच येणार असतील तर मी नळ सोडून ठेवते की." वर अंधश्रद्धेवर भाषण. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आधी तुझ्या बी.ए.ची घागर भर. ते बिचारं केव्हाच मेलंय." आणि आता तीच नळवाली बाई, म्हणजे मीच, दोन आखाज्या घरात मुलाची घागर भरू देत नाही. जित्या माणसाची भरली तर आपल्याच हातानं त्याला मारल्यासारखं, असं तिला वाटतं! तो गेला हा शब्दही ती कुणाला उच्चारू देत नाही. मग सुनेला रडायचं तेही न्हाणीत, बादलीत नळ सोडून.

सून एका घागरीपुढे थांबली होती. ती धुळ्याकडच्या खेड्यातली. माझ्याशी एरवी शहरी बोलते, पण आत काही तुटलं की तिची बोली बाहेर येते.

"आई, बठ्ठास्ले पानी भेटस. त्यास्लेच नही." सगळ्यांना पाणी मिळतं, फक्त तिच्या नवऱ्याला नाही.

"आन तो जित्ता व्हई तर?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"जित्ता ऱ्हाता तर घर येता ना, आई."

परतीच्या गाडीत जळगावच्या केळीच्या बागा दिसू लागेपर्यंत मी तिचं तेच वाक्य मनात घोळवत होते.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी कुंभारणीकडे गेलो. माझ्या नवऱ्याची घागर मी नेहमीसारखी बोटानं वाजवून निवडली. मग म्हटलं, "अजून एक दे."

"दुसरी कुनाची, अक्का?"

"पोराची."

कुंभारणीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एक घागर माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं, सून उचलेल. ती हात पुढे करीना. माझ्याकडे बघत उभी राहिली. उन्हात फरशी तापली होती, मागे दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शेवटी मी खाली वाकले आणि ती उचलली.