बहिणीची पात

आई गेली त्या वर्षी अमरावतीच्या पेठेत कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. अमेरिकेत लढाई जुंपली आहे, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस हवा, असं अकोल्याहून येणारे गाडीवान सांगत. गावोगाव वेचणीला बाया मिळेनात.

माझी धाकटी बहीण तेव्हा तिशीची. जन्मापासून तिची समज लहान मुलाएवढीच राहिलेली. काल आणि उद्या तिला सारखेच. बोलणं मोजकं. आई रोज सकाळी तिला हाक मारून उठवी आणि दिवसभर सोबत ठेवी. शेवटच्या दुखण्यात आईचं एकच चालू होतं, "माह्या मागं हिले कोन आवाज देईन?"

मी म्हटलं, "मी आहे ना."

"तू घरातला. बाहेरचं कोन?"



वेचणीच्या पहिल्या सकाळी सीतादही असतं. बाया कपाशीला दहीभात वाहतात, मग ओळीनं उभ्या राहतात आणि प्रत्येकीला वेचायला एक पट्टा मिळतो. त्याला पात म्हणतात. बहीण माझ्यामागून आमच्या वावरात आली होती. मी तिला बाभळीखाली बसवलं. बायांची पुढारीण गावातली एक म्हातारी होती. तिनं पाहिलं.

"तिले तिथं कावून बसवून राहिले, भाऊ? पाहुनी हाय का?"

"तिच्यानं होणार नाही. पात मागं राहील."

"आमच्या राह्यत नाही का? तुमी भाव पाहा, पात आमी पाहू."

बाया हसल्या. म्हातारीनं बहिणीच्या कमरेला ओटी बांधली आणि आपल्या शेजारची पात दिली.

बहीण प्रत्येक बोंड हातात घेऊन पाही, त्यावर फुंकर घाली, मगच कापूस ओटीत टाकी. बायांची ओळ पलीकडच्या धुऱ्याला, बांधापाशी, पोचली तेव्हा ती अर्ध्यावरही नव्हती. संध्याकाळी कापूस नेणारी बैलबंडी काही भरत नाही, असा मी अंदाज बांधला. तेवढ्यात बाया तिच्या पातीत पलीकडून शिरल्या आणि वेचत वेचत तिच्याकडे येऊ लागल्या. मागे राहिलेलीला अशीच गाठायची रीत. समोरासमोर आल्यावर म्हातारी म्हणाली, "आली का व माय? आमी कवाची वाट पाहून राहिलो."

बंडी थोडी रिकामीच गेली. पुढेही रोज असंच चाललं.

एक दिवस म्हातारीच्या अंगात ताप होता. तिनं कुणाला सांगितलं नाही. बहिणीची पात उरकून बाया धुऱ्यावर पाणी प्यायला टेकल्या. म्हातारी मागे राहिली आहे हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. बहीण मात्र बसली नाही. ती वळली, म्हातारीच्या पातीत शिरली आणि बोंडावर फुंकर घालत तिच्या दिशेनं निघाली. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी पाण्याचा लोटा हातात धरून नुसता पाहत राहिलो. काल आणि उद्या न कळणाऱ्या माझ्या बहिणीला मागे राहिलेलं माणूस कळलं होतं. ते तिच्या आत कुठून आलं, हे मला आजही उमगलेलं नाही. एकेक करून बाया उठल्या आणि तिच्यामागे गेल्या.

म्हातारीचा ताप उतरल्यावर एका सकाळी मी बहिणीला उठवायला तिच्या अंथरुणाशी गेलो होतो. इतक्यात दारातून म्हातारीचा आवाज आला.

"ऊठ व माय, तुह्यावाचून ओळ लागत नाही."

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.