बेडक्याची डबी

श्वास आत जात नव्हता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, खाटेला दोन्हीकडून लोखंडी कठडे, पायांच्या मध्ये बांधलेली उशी. कूस बदलायचीही सोय नव्हती. इंदिरानगरच्या घरी न्हाणीत घसरले, खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं होतं. हे त्यानंतर पाचव्या दिवशीचं.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, खोकला येतो?"

मी मान हलवली. नाही.

मुलगा म्हणाला, "ताप आहे फक्त. आई खोकत नाही."

शेजारच्या खाटेवर मालेगावची एक म्हातारी होती, विणकराच्या घरातली. तिचाही खुबाच मोडलेला. ती ओरडली, "झूट बोलते, डॉक्टरसाब! खोकला येतो तिला. गिळून टाकते!"

खरं होतं ते. जिथे जेवायचं तिथेच बसून थुंकायचं, हे माझ्याच्याने होईना. आमच्यात थुंकायचं तर उठून मोरीवर जातात. मला उठता येत नव्हतं. खोकला आला की टॉवेलचा बोळा तोंडात धरायचा आणि गिळायचं. चार दिवस हेच केलं.

डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं. खाटेवरच छातीचा फोटो काढला. उजवीकडे खाली पांढरं दिसलं.

"न्यूमोनिया. इथे आल्यावर झालेला," ते म्हणाले. "इथले जंतू चिवट असतात. औषध लगेच सुरू करतो, पण नेमका जंतू कळायला बेडका पाहिजे."

सिस्टरने डबी दिली. मी मास्क बाजूला करून थुंकले. तिने डबी उजेडात धरली.

"ही लाळ आहे, आजी. आतून काढा."

दुसऱ्यांदाही लाळच.

"मोती मागते का ती तुझ्याकडं?" शेजारीण म्हणाली. "घे, मी नाही बघत." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मुलाला मी बाहेर काढलं. मग पोटातून खोकले. टाके उसवतात की काय असं झालं. हिरवट, घट्ट गोळा पडला. सिस्टर म्हणाली, "हां, हा बेडका."

तीन दिवसांनी तपासणीचा रिपोर्ट आला, औषध बदललं. त्यानंतर हळूहळू श्वास पुरायला लागला.

त्याच आठवड्यात शेजारणीला ताप भरला. तिने काही लपवलं नाही. पहिल्याच दिवशी डबी स्वतः मागून घेतली.

मी वॉकर धरून घरी आले. ती त्याच खाटेवर गेली.