एरवी वाजलेली घंटा

पेठच्या पुढे डोंगरावर एक छोटं चर्च आहे. आईला घेऊन मी ते बघायला गेले होते. तिथली देखभाल करणारे म्हातारे बाबा अंगणातच गोष्ट सांगायला लागले. ही घंटा म्हणे नाशिकला चालली होती. घाटात बैलगाडीचा आस मोडला, घंटा कुणाला हलेना, म्हणून लोकांनी तिच्याभोवतीच चर्च बांधलं. मला असल्या दंतकथांचा वैताग येतो. मी विचारलं, हे पाहिलंय कुणी?

"ते राहू द्या," बाबा म्हणाले. "रविवारी ही प्रार्थनेला वाजते. एरवी वाजली, की गावात कोणीतरी गेलं."

आई तोवर दारापाशी पोचली होती. तिने चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि देवळात शिरताना वाजवतो तशी दोर ओढून घंटा वाजवली.

एकच टोला. बाबांचा चेहरा उतरला. खाली नागलीच्या शेतात वाकलेली माणसं ताठ झाली आणि डोंगर चढू लागली. सगळ्यांत पुढे एक बाई धावत होती.

"हिचा नवरा नाशिकला दवाखान्यात आहे," बाबा पुटपुटले.

काही झालं नाही, असं मी वरून ओरडत राहिले. वाऱ्यात कुणाला ऐकू जाईना. ती वर आली, धापा टाकत थेट आईसमोर उभी राहिली.

"कोण गेलं?"

आई गोंधळली.

"कोणी नाही गेलं," ती म्हणाली. "मी आले, म्हणून वाजवली."