चष्मा सरळ करणारे हात

बल्लारपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये मी नव्यानेच शिकवू लागले होते. फळ्यावरच्या आडव्या रेषा मला स्पष्ट दिसत, उभ्या रेषांना मात्र सावली फुटे. चॅपलमधल्या मेणबत्तीच्या ज्योतीला शेपूट दिसे. डोळे गेले तर नोकरी कशी राहणार, या धास्तीने मी चंद्रपूरला डॉ. कुसुमबाई निमगडे यांच्याकडे गेले. तीच आमची पहिली भेट.

बाईंनी डोळे तपासले आणि चहाचा चमचा पालथा करून माझ्यासमोर धरला. "टीचर, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल हवा. तुमचा या चमच्याच्या पाठीसारखा आहे, एका दिशेनं जास्त वळलेला. म्हणून उजेड एका ठिकाणी गोळा होत नाही. हा रोग नाही, ठेवण आहे. नाकाची असते तशी."

मग त्यांनी शांतपणे उपाय सांगितले. सिलिंडरचा, म्हणजे एकाच दिशेचा बाक सुधारणारा, नंबर असलेला चष्मा, नाहीतर डोळ्यात गरकन फिरणार नाही अशी खास कॉन्टॅक्ट लेन्स. पुढे लेझरचे ऑपरेशनही सुरू झाले, तेव्हा मी पुन्हा विचारले. नंबर स्थिर हवा, पडद्याची जाडी आणि आकार तपासायला हवा, सगळ्यांनाच ते चालत नाही, असे म्हणून त्या हसल्या. "कोळशाच्या धुळीत राहता. तुम्हाला चष्माच बरा."

बाई खेड्यापाड्यांत डोळे तपासणीची शिबिरे घेत, तिथे मी नावे लिहून घ्यायला जाऊ लागले. आलापल्लीजवळच्या एका गावात बांबूच्या कामट्यांची सुपे विणणारी सोमीबाई नवऱ्याबरोबर आली. दोघांत मिळून एकच चष्मा होता.

"कोणाचा आहे हा?" बाईंनी विचारले.

"दोघायचा. सकाळी हे घालते, दुपारी मी. तरी कामट्या मले जोडीनंच दिसते."

"अन् तुमच्या दातायची बी दोघांत एकच जोडी हाय का?" बाईंनी म्हाताऱ्याला विचारले. सगळी रांग हसली. आपल्या भागात चष्मा विळ्या-कुऱ्हाडीसारखा घरभर चालतो. पण सिलिंडरची काच ज्याच्या-त्याच्या डोळ्याच्या कोनात बसवलेली असते, ती दुसऱ्याला उसनी देता येत नाही.

बाईंनी तपासणीची काच सोमीबाईच्या डोळ्यासमोर हळूहळू फिरवली.

"थांबा बाई, थांबा! इथीच ठेवा!" सोमीबाई ओरडली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अवो, तुमची मिशी एकीकडूनच कापली हाय! मले काऊन सांगतलं नाई कोणी?"

परतीच्या वाटेवर बाई गाडीत कितीतरी वेळ एकट्याच हसत होत्या. पुढच्या खेपेला दोघांचे दोन वेगळे चष्मे त्या स्वतः घेऊन गेल्या.

त्या बाईंना आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, आणि त्या चंद्रपुरात नाहीत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून पुण्याला लेकीकडे असतात. परत येणार की तिकडेच राहणार, हे अजून ठरलेले नाही. फोनवर विचारले की म्हणतात, "थंडी पडू द्या टीचर, मग पाहू."

फ्रेम वाकली की काचेचा कोन ढळतो. म्हणून लग्नात, बाजारात, कुठेही भेटल्या की बाई आधी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेत. दांडी दोन बोटांत हलकेच दाबत, पदराने काच पुसत, पुन्हा चढवत आणि एक पाऊल मागे सरून पाहत. "हं, आता दिसतं की नाही जग?" एवढे झाल्यावरच खुशाली विचारत.

सध्या माझा चष्मा डावीकडे उतरला आहे. ज्योतीला पुन्हा शेपूट दिसू लागले आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात तो सरळ करून मिळेल, हे मला कळते. तरी पाय तिकडे वळत नाहीत.

बाई, तुमचे गुडघे बरे होवोत, हात असेच स्थिर राहोत आणि तुम्हाला शंभर हिवाळे लाभोत. त्यातला हा येणारा हिवाळा मात्र आमच्याकडे काढा. तोवर मी डावी दांडी बोटाने उचलून धरते आणि वाचते. हा लेखही तसाच लिहिला आहे.