यकृतानं दिलेली साक्ष

संस्थेच्या तळमजल्यावरच्या उंदीरघरात मावशीनं एकोणीस वर्षं काढली होती. भुसा बदलायचा, पाणी भरायचं, खाणं तोलून घालायचं. घरी नवरा चिडवायचा, "उंदरांना ऑलिव्हचं तेल, आणि आमच्या भाजीला चमचा मोजून!"

"तुम्हीही शेपटी वाढवा, मग बघू."

त्या वर्षी संशोधक बाईंनी दोन बुधले आणले. तेल एकच, पण एकातून कडवट, घशाला झोंबणारा अंश काढून टाकलेला. बारा आठवडे अर्ध्या पिंजऱ्यांना हे, अर्ध्यांना ते. त्या अंशानं यकृतात काय बदलतं, ते बाईंना पाहायचं होतं.

शेवटच्या सकाळी पिंजरे बदलताना, आत कुठल्या तेलाचे उंदीर ते लिहिलेली दोन कार्डं निसटून फरशीवर पडली. उंदीर सगळे सारखेच पांढरे, कुणाच्या कानाला खूण नाही. मावशीनं अंदाजानं कार्डं अडकवली. सांगितलं तर इतक्या वर्षांचा विश्वास जाणार. न सांगितलं तर कुणाला कळणारही नव्हतं.

तासभर तिनं तेच ते भांडं घासलं. मग जिना चढली.

"बाई, माझ्या हातून घोळ झालाय."

सगळं ऐकून बाईंनी नोंदवही पुढे ओढली. "ते दोन पिंजरे बाद."

"म्हणजे दहा जीव फुकट गेले."

"त्यांचीही यकृतं तपासू तरी. आपल्यापुरतं."

महिन्याभरानं बाईंनी तिला पडद्यासमोर बसवलं. लाल-निळ्या बारीक चौकोनांचं जणू विणलेलं कापडच.

"एक ओळ म्हणजे एक उंदीर. एक चौकोन म्हणजे यकृतातलं एक जनुक. लाल ते जागं, निळं ते निजलेलं. वरचा गट कडवट तेलाचा, खालचा दुसऱ्या तेलाचा. मधले हे तुमचे दहा."

पाच ओळी वरच्या गटासारख्या, पाच खालच्या गटासारख्या. लहान मुलालाही कळलं असतं.

"आणि माझा अंदाज?"

"नेमका उलटा."

मावशी पडद्याकडे वाकली. जिभेवरून केव्हाच उतरून गेलेला तो कडवटपणा आत, अंधारात, कुणीतरी ओळखला होता. कुणाला उठवलं होतं, कुणाला निजवलं होतं.

"मग घ्या की धरून."

"नाही. आपल्याला हवं तसं दिसलं म्हणून धरायचं नसतं. वगळलेत, आणि का वगळले तेही लिहिलंय."

मावशीनं मान हलवली. तिचा हात नकळत उजव्या बरगडीखाली गेला.

"हे माझ्यातही चालतं?"

"आत्तासुद्धा."

ती हात तसाच ठेवून बसून राहिली, आतलं काही ऐकू येईल अशी.