रविवारचा अभ्यासवर्ग

लेस्टरला आमच्या पुढच्या खोलीत दर रविवारी अभ्यासवर्ग भरायचा. माणसं कमी होत गेली. शेवटी शिकवणारे आमचे हे, आणि ऐकणारे यांचे दोन जुने मित्र. एक पूर्वी बस चालवायचे, दुसरे होजिअरीच्या कारखान्यात होते. विषय ठरलेला. देशोदेशीच्या कामगारांनी लंडनला एकत्र येऊन पहिली संघटना कशी बांधली आणि ती कशी फुटली. दाढीवाल्या जर्मन पुढाऱ्याने रशियन पुढाऱ्याला बाहेर काढलं, तिथे हे नेहमी थांबायचे आणि विचारायचे, "बरोबर की चूक?"

यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. मग ते दोघे त्याच प्रश्नावरून भांडले. बसवाले म्हणायचे, काढलं ते बरोबर, शिस्त नको का? होजिअरीवाले म्हणायचे, तिथेच घात झाला. दोघे वेगवेगळ्या वेळी येऊ लागले. "कॉम्रेड, तुम्हीच सांगा, माझं बरोबर ना?" हे मान हलवायचे. जो तो खूश होऊन जायचा.

मान तर हे सगळ्यालाच हलवतात. चहा देऊ? हलवतात. नको का? तरी हलवतात. एकदा धीर करून मी बसवाल्यांना ते सांगितलं.

"वहिनी, तुम्ही भजी बघा," ते हसले. "कॉम्रेडला काय म्हणायचंय ते आम्हाला कळतं."

पण यांना दोघे एकत्र हवे होते. त्या दोघांच्या खुर्च्या मांडेपर्यंत घास घ्यायचे नाहीत. म्हणून मी दोघांना एकच वेळ दिली.

आले, आणि दारातच जुंपली.

"कॉम्रेडनी मला सांगितलंय!"

"अरे जा! विचार ना माझ्यासमोर."

बसवाल्यांनी विचारलं. यांनी मान हलवली. होजिअरीवाल्यांनी विचारलं. यांनी मान हलवली, आणि हसलेसुद्धा, दोघे आले म्हणून.

होजिअरीवाल्यांनी कोट चढवला. बसवाले माझ्याकडे वळले. "वहिनी, आधी सांगायचंत की."

मी भजी आणायला आत गेले.

त्यानंतर दोघेही आले नाहीत. फोन केला की तब्येत विचारतात, बरं म्हणतात, ठेवतात.

रविवारी यांची दाढी करून देते, एका खुर्चीत मी बसते. हे दुसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवतात.

येतील, मी म्हणते. दुसरं काय म्हणू?